नवा संगणक आणि हरवलेले तारे



पाचवीच्या परिसर अभ्यासात सूर्यमालेचा पाठ सुरुवातीलाच येतो. म्हणजे जून महिना! आपल्या खान्देशात तेव्हा ढग दाटलेले असतात. मुलांना रात्री अंगणात जाऊन तारे बघा असं सांगून काय उपयोग? म्हणून मी दरवर्षी संगणकावर ‘स्टेलेरियम’ दाखवते. हे मोफत सॉफ्टवेअर आहे. त्यात आपलं गाव निवडलं की आपलंच आकाश दिसतं. धुळे-जळगाव सुमारे २१ अंश उत्तर अक्षांशावर आहे, म्हणून ध्रुवतारा क्षितिजापासून साधारण २१ अंशांवरच दिसतो. हे मुलं स्वतः मोजतात.

एका वर्षी सुट्टीत शाळेच्या जुन्या संगणकावर नवी ऑपरेटिंग सिस्टिम टाकून घेतली. स्क्रीन झकास दिसू लागली. पण तासाला स्टेलेरियम उघडलं तर आकाशाऐवजी चौकटीत संदेश, ओपनजीएल पुरेसं नाही! मागच्या बाकावरून आवाज आला, “मॅडम, तारा कथा गयात?” सगळे हसले. मीही हसले, पण आतून वरमले. तो संगणक लोकवर्गणीतून आलेला. कोणी शंभर दिले होते, कोणी पन्नास. “आता नवीनच घ्या,” असा सल्ला मिळाला. पालकांपुढे पुन्हा कोणत्या तोंडाने जायचं?

मग मी हे ओपनजीएल काय ते समजून घेतलं. घरातला बल्बचा होल्डर आठवा. बल्ब कोणत्याही कंपनीचा आणा, बसतो. कारण माप सगळ्यांना ठाऊक आहे. ओपनजीएल हे चित्रांसाठीचं असंच खुलं माप. सॉफ्टवेअर सांगतं, इथे बिंदू काढ, इथे त्रिकोण रंगव. ड्रायव्हर ते ग्राफिक्स चिपला तिच्या भाषेत समजावतो. १९९२ मध्ये सिलिकॉन ग्राफिक्स कंपनीने हे मानक आणलं. २००६ पासून अनेक कंपन्यांचा मिळून बनलेला ख्रोनोस ग्रुप ते सांभाळतो.

नवी सिस्टिम आली की हा प्रश्न येतोच. विंडोज व्हिस्टा तयार होत असताना, २००५ मध्ये, तिच्यात ओपनजीएलला दुय्यम जागा मिळेल अशी भीती जगभरच्या प्रोग्रामरना वाटली होती. शेवटी ग्राफिक्स कंपन्यांना आपले पूर्ण ड्रायव्हर देण्याची सोय राहिली. पण ड्रायव्हर कंपनीने द्यायला हवा ना! आमच्या जुन्या चिपसाठी नव्या सिस्टिमचा तसा ड्रायव्हरच नव्हता. संगणक बिघडला नव्हता, मधला दुभाषी गेला होता.

उपाय दोन सापडले. स्टेलेरियमसोबत ‘मेसा मोड’ येतो. त्यात ग्राफिक्स चिपचं काम प्रोसेसर करतो. आकाश अडखळत फिरलं, पण दिसलं! नंतर पेनड्राइव्हवरून लिनक्स चालवून पाहिलं. त्यात मेसाचेच खुले ड्रायव्हर असतात, आमच्या जुन्या चिपसाठीही होते. तारे पुन्हा झरझर फिरू लागले. एक रुपयाही खर्च झाला नाही. सी-डॅकचं ‘बॉस’ हेही लिनक्सच आहे, हे मला तेव्हाच कळलं.

तर मित्रांनो, शाळेत किंवा घरी नवी सिस्टिम टाकण्याआधी एवढं करा:

१. मुलं जे सॉफ्टवेअर वापरतात, त्याला ओपनजीएलची कोणती आवृत्ती लागते ते पाहा.
२. तुमच्या ग्राफिक्स चिपचा ड्रायव्हर नव्या सिस्टिमसाठी मिळतो का, ते विचारा.
३. आधी पेनड्राइव्हवरून लिनक्स चालवून बघा. त्यासाठी आतलं काही पुसावं लागत नाही.
४. जुनी सिस्टिम लगेच पुसू नका.

दुकानदाराला हे विचारायला लाजू नका. मी डी.एड. झालेली साधी प्राथमिक शिक्षिका. मला जमलं, तर तुम्हालाही जमेल. आणि मागच्या बाकावरच्या त्या मुलाने दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या आधी ध्रुवतारा शोधला, हे सांगायचं राहिलंच!