दोन ताप

नोव्हेंबर २०१८. चेन्नईत ईशान्य मोसमी पाऊस लागून राहिला होता. अतिदक्षतेचं पुढचं शिक्षण घ्यायला मी सांगलीहून तिथे गेले, त्याला वर्षही झालं नव्हतं. तमिळ जेमतेम कळायचं, पण ‘काय्च्चल’ हा शब्द पहिल्याच आठवड्यात पक्का झाला होता. काय्च्चल म्हणजे ताप. आयसीयूच्या बाहेर बसलेल्या जवळजवळ प्रत्येक नातेवाइकाच्या तोंडी तो असायचा.

त्या रात्री चेंगलपट्टूकडून एक शेतमजूर बाई आली. वय बेचाळीस. आठ दिवसांचा ताप, धाप, डोळे पिवळट, लघवी जवळजवळ बंद. पहाटेपर्यंत ती व्हेंटिलेटरवर गेली आणि डायलिसिससाठी जांघेतल्या शिरेत नळी बसली. नवरा बाहेरच्या बाकावर ओल्या लुंगीतच बसून होता. मी बाहेर आल्यावर त्याने एवढंच विचारलं, “कसला ताप आहे, डॉक्टरम्मा?”

माझ्याकडे उत्तर नव्हतं. पावसाळी चेन्नईत असा ताप डेंग्यूचा, लेप्टोस्पायरोसिसचा, मलेरियाचा किंवा साध्या न्यूमोनियाचा असू शकतो, आणि सुरुवातीला हे सगळे एकसारखे दिसतात. डेंग्यूची एनएस१ चाचणी आणि मलेरियाची तपासणी निगेटिव्ह आली. मग प्रोकॅल्सिटोनिनचा रिपोर्ट आला: १४. निरोगी माणसात हा आकडा ०.१ च्याही खाली असतो.

प्रोकॅल्सिटोनिन हे कॅल्सिटोनिन या संप्रेरकाचं आधीचं रूप. एरवी ते थायरॉइडमध्ये बनतं आणि रक्तात नावापुरतं सापडतं. जिवाणूंचा संसर्ग रक्तात पसरला की शरीरभरच्या पेशी ते तयार करू लागतात आणि चार-सहा तासांत पातळी चढते. संसर्ग हटू लागला की ती साधारण दर २४ तासांनी निम्मी होते. हा संबंध फ्रेंच संशोधकांनी १९९३ साली मांडला. याउलट, १९३० पासून माहीत असलेलं सीआरपी हे प्रथिन यकृतात बनतं, सावकाश चढतं आणि मार, शस्त्रक्रिया, सूज अशा कशानेही वाढतं. म्हणून तर आम्ही प्रोकॅल्सिटोनिनची महागडी चाचणी करतो.

१४ हा आकडा पाहून मला हायसं वाटलं, हे आज सांगताना त्रास होतो. ‘जिवाणूच आहे’ असं मी फाइलमध्ये लिहिलं. मेरोपेनेम हे अँटिबायोटिक सुरूच होतं. दोन दिवस गेले, ताप १०३ वरून हलेना. रक्ताच्या कल्चरमध्ये काहीच उगवलं नाही. औषध वाढवण्याची चर्चा सुरू झाली.

तिसऱ्या दिवशी सकाळी तिला स्पंज करणाऱ्या सिस्टरांनी मला पडद्याआड बोलावलं. डाव्या स्तनाखालच्या घडीत वाटाण्याएवढी काळी खपली होती, कडेने लालसर. सिगारेटचा चटका बसावा तशी. “उण्णि काय्च्चल, डॉक्टर,” सिस्टर हळूच म्हणाल्या. त्यांच्या गावाकडे हा ताप घरोघर माहीत होता.

स्क्रब टायफस. झुडपांत, गवतात राहणाऱ्या माइटच्या अगदी बारीक अळ्या चावतात, चावल्याचं कळतही नाही, आणि त्या जागी ही खपली धरते. ती बहुधा काखेत, जांघेत, कमरपट्ट्याखाली, अशा झाकल्या जागीच सापडते. याचा जिवाणू पेशींच्या आत राहतो. नेहमीच्या कल्चरमध्ये तो वाढत नाही आणि मेरोपेनेमला दाद देत नाही, पण प्रोकॅल्सिटोनिन मात्र चढवतो. आकडा खरंच बोलत होता. जिवाणू कोणता, हे सांगणं त्याचं काम नव्हतं. ते शोधणं माझं काम होतं. त्याच वर्षी नागपूरकडे स्क्रब टायफसची साथ आली होती. तिथल्या मैत्रिणीने मला खपल्यांचे फोटोही पाठवले होते. तरीही दोन दिवस मी या बाईचं अंग नीट उघडून पाहिलं नव्हतं.

नाकातून पोटात घातलेल्या नळीतून डॉक्सिसायक्लिन सुरू केलं. काही रुपयांचं औषध. ४८ तासांत ताप उतरला. पुढे आयजीएम चाचणीनेही निदानाला दुजोरा दिला. (आता गंभीर रुग्णांना डॉक्सिसायक्लिन आणि अझिथ्रोमायसिन एकत्र देतात. त्याचा फायदा वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजच्या पुढाकाराने भारतात झालेल्या चाचणीत दिसला. ती २०२३ साली प्रसिद्ध झाली.)

दहाव्या दिवशी व्हेंटिलेटर निघालेला होता, लघवी सुरू झाली होती, आणि पुन्हा १०१ ताप आला. पांढऱ्या पेशी १३ हजार, सीआरपी ९०. रात्रीच्या ड्युटीवरचा सहकारी म्हणाला, “आयसीयूतलाच जंतू असणार. कोलिस्टिन लावू या.” त्याची भीती खोटी नव्हती. एनडीएम-१ या प्रतिरोधी एन्झाइमवरचा २०१० सालचा गाजलेला शोधनिबंध ज्या नमुन्यांवर उभा होता, त्यांत चेन्नईचे नमुने होते. अँटिबायोटिकच्या बेबंद वापराला आवर घालण्यासाठी २०१२ साली डॉक्टरांनी ‘चेन्नई जाहीरनामा’ मांडला, तोही याच शहरात. पण कोलिस्टिन हे अँटिबायोटिक मूत्रपिंडाला इजा करतं, आणि तिची मूत्रपिंडं नुकती कुठे सावरत होती.

या वेळी मी आधी पडदा ओढला. टाळूपासून तळव्यापर्यंत पाहिलं. छाती मोकळी, रक्तदाब उत्तम, ती शुद्धीवर. डावी पोटरी मात्र उजवीपेक्षा जाड होती, आणि डायलिसिसची नळी डाव्या जांघेतच होती. कल्चर पाठवली, डॉप्लर मागवला आणि प्रोकॅल्सिटोनिन पुन्हा केलं. चौदावरून उतरत ते ०.३ वर आलं होतं.

हा आकडा एकटा असता तर मी त्यावर विसंबले नसते. नवं औषध सुरू करायचं की नाही हे केवळ प्रोकॅल्सिटोनिनवरून ठरवू नका, असं सेप्सिसची आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वंही सांगतात. सुरू असलेलं अँटिबायोटिक कधी थांबवावं, यासाठी त्याचा उपयोग अधिक पक्का आहे. पण त्या रात्री आकडा आणि अंग एकच सांगत होते. माझ्या वरिष्ठ सरांना फोन केला. ते म्हणाले, “थांब. पण दर तासाला तिच्याजवळ जा.” ती रात्र मी तिच्या खाटेपाशी काढली.

सकाळी डॉप्लरमध्ये नळीभोवती, जांघेतल्या शिरेत गुठळी दिसली. नळी काढली, हेपॅरिन सुरू झालं. कल्चर निगेटिव्ह राहिली, दुसऱ्या दिवशी प्रोकॅल्सिटोनिन ०.२ आलं आणि ताप हळूहळू गेला. कोलिस्टिन लागलंच नाही.

मी बाहेर जाऊन तिच्या नवऱ्याला मोडक्या तमिळमध्ये सांगितलं: पहिला ताप उण्णि काय्च्चल, दुसरा रक्ताच्या गुठळीचा. त्याने दोन्ही शब्द माझ्यामागून एकेकदा उच्चारले. अकरा दिवस तो हेच विचारत होता.

आता मी मिरजेत काम करते. तापाचा रुग्ण आला की तपासण्यांच्या यादीआधी केसपेपरच्या पहिल्या ओळीत लिहिते: ‘संपूर्ण त्वचा पाहिली’, आणि पुढे वेळ. ती ओळ भरेपर्यंत मी रक्ताचा रिपोर्ट उघडत नाही.