टक्केवारीतला ‘जर’

भिवंडीत कापडात डॅमेज निघाला की कात्री बहुतेक वेळा कारागिराच्या मजुरीला लागते. त्यामुळे ‘दोष किती टक्के’ हा आकडा मला कधी कोरडा वाटला नाही.

आता तो संगणकही सांगतो. सायझिंगमध्ये खळीचं प्रमाण, उष्णता, दाब ठरवून बदलायचे, दर वेळी सूत ताणून तुटेपर्यंतचा आलेख काढायचा, त्यावरून सूत्र बसवायचं आणि त्यातून हजारो काल्पनिक सुतं काढायची. उत्तर येतं: दोष २ टक्के.

पण खळ किती कमी-जास्त होईल, हे आपणच संगणकाला सांगितलेलं असतं. वीज जाणं, पावसाळी हवा, सुताचा बदलता दर्जा त्यात धरलं नसेल, तर आकडा बहुधा कमीच येणार. शिवाय आलेखाच्या प्रत्येक बिंदूवर दोष १ टक्का असला, तरी कुठे ना कुठे मर्यादा ओलांडणारी सुतं त्याहून बरीच जास्त असू शकतात.

मँचेस्टरच्या कापूस संशोधन संस्थेतल्या टिपेट यांनी १९२७ मध्ये ४१,६०० यादृच्छिक अंकांचं पुस्तक काढलं. अशा काल्पनिक प्रयोगांना तेच अंक लागतात. पण माग किती वेळ बंद राहतात हे कळावं म्हणून, अधूनमधून मागांवर नजर टाकून नोंद करण्याची पद्धतही त्यांनीच रूढ केली.

दोन पद्धतींत उजवी कोणती, हे ठरवायला संगणकाचा आकडा जरूर वापरा. मजुरी कापायची असेल, तर आधी शेडमध्ये जाऊन मोजा.