पाण्याच्या बाजूने उंची

जुहूच्या वाळूत जीपीएस यंत्राचा कच्चा आकडा पाहिला तर उंची उणे साठ मीटरच्याही खाली दिसते. यंत्र बिघडलेलं नाही. ते पृथ्वीच्या गुळगुळीत गणिती लंबगोलापासून मोजतं आणि तो लंबगोल इथे समुद्राच्या बराच वरून जातो. पाण्याला या लंबगोलाचं सोयरसुतक नाही. ते गुरुत्व ओळखतं.

◦

वारा, भरती, प्रवाह नसते तर समुद्र ज्या पातळीत स्थिरावला असता ती जिऑइड. श्रीलंकेच्या दक्षिणेला ती लंबगोलाच्या शंभर मीटरहून जास्त खाली आहे. जहाजांना उतार लागत नाही, कारण तिथला ओळंबाही त्याच हिशेबाने कललेला.

◦

सर्वेक्षणाची लेव्हल लावून, स्टाफची मोजपट्टी वाचत डोंगर चढायचा. एकदा या वाटेने, एकदा त्या. वाचन बिनचूक असलं तरी बेरजा तंतोतंत जुळणार नाहीत! लेव्हलचा बुडबुडा दर ठिकाणी तिथल्या समपातळीला मानतो आणि या समपातळ्या एकमेकींना समांतर नसतात. गुरुत्व ध्रुवाकडे वाढतं, तशा त्या जवळ येतात. मध्य अक्षांशांत, हजार मीटर उंचीवर, उत्तर-दक्षिण शंभर किलोमीटर पसरलेलं तळं घ्या: उत्तर गोलार्धात त्याचं उत्तरेचं टोक मीटरच्या हिशेबात सुमारे ८ सेंटिमीटर ‘खाली’. पाणी मात्र जागचं हलत नाही.

◦

उपाय: प्रत्येक चढ तिथल्या गुरुत्वाने गुणायचा. मग बेरीज वाटेवर अवलंबून राहत नाही. पण उत्तर मीटरमध्ये येत नाही, आणि लोकांना मीटरच हवेत. म्हणून भागायचं. कशाने? खडकाच्या पोटातल्या सरासरी गुरुत्वाने म्हणावं, तर तिथे उतरून मोजणार कोण? खडकाची घनता पाण्याच्या २.६७ पट धरून चालतात. कोणी लंबगोलाच्या सूत्रातलं गुरुत्व घेतं, कोणी सगळीकडे एकच ठरीव आकडा. कालवा काढायचा असेल तर मी डोळे झाकून तिसरं घेईन. नकाशावाल्यांना ते रुचणार नाही.

◦

लाउफेनबुर्गचा पूल, ऱ्हाइनवर. जर्मनी आणि स्वित्झर्लंड यांच्या ‘समुद्रसपाट्यां’त २७ सेंटिमीटरचा फरक. तो माहीत होता, हिशेबातही धरला होता, पण चिन्ह उलटं. २००३ मध्ये दोन बाजूंत ५४ सेंटिमीटरची तफावत निघाली.

◦

एव्हरेस्ट, २०२०: ८८४८.८६ मीटर. शिखरावर जीपीएस नेला ते सगळे सांगतात. नेपाळने त्यासाठी गुरुत्वही मोजलं होतं, ते क्वचितच कुणी सांगतं.