मागचे ब्रेक

धनत्रयोदशीच्या संध्याकाळी आमचा पुतण्या पुण्याहून इंदूरला आला. धुळे, शिरपूर, बिजासनचा घाट, सेंधवा असा नेहमीचाच मार्ग. अंगणात पणत्या लावण्याची घाई चालू होती. त्याची गाडी फाटकातून आत शिरली आणि थांबता थांबता मागच्या बाजूने एक बारीक, खरखरीत आवाज आला. पाटीवर पेन्सिलीऐवजी खडा फिरावा तसा. घरातील दुसऱ्या कोणाचे तिकडे लक्ष गेले नाही, आमचे गेले. माणसांचे बोलणे आम्हांस ऐकू येत नाही, गाड्यांचे तेवढे ऐकू येते, अशी आमच्या सौभाग्यवतींची जुनी तक्रार आहे.

गाडी म्हणजे पुतण्याचा जीव की प्राण. स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस, २००४ साली भारतात आलेली. दिसायला चारचौघींसारखी घरगुती, पण पोटात १.८ लिटरचे टर्बो पेट्रोल इंजिन आणि दीडशे अश्वशक्ती. त्या काळी आपल्याकडच्या रस्त्यांवर एवढी ताकद फार थोड्या गाड्यांत होती. पुतण्याने ती कोणाकडून तरी वापरलेली घेतली, नोंदणीचे नूतनीकरण करून घेतले आणि पगारातला बराचसा भाग तिच्यावर खर्च केला. इंजिनाची टर्बो, टायर, गिअर यांविषयी तो तासन् तास बोलू शकतो. ब्रेकविषयी मात्र तो कधी आपणहून बोलल्याचे आम्हांस आठवत नाही. पळणाऱ्या वस्तूचे कौतुक तिच्या पळण्याचेच होते, हे मानवी स्वभावाला धरूनच आहे.

"काका, मागचे पॅड ठीक आहेत. आत्ताच निघण्यापूर्वी पाहिले," तो म्हणाला. आम्ही बॅटरी घेऊन मागच्या डाव्या चाकापाशी बसलो. चाकाच्या आऱ्यांमधून डिस्कची चकाकी दिसत होती आणि तिला लागून असलेले पॅडही दिसत होते. नव्या पॅडचे अस्तर साधारण दहा-अकरा मिलिमीटर असते. हे सहा-सात तरी होते. दोन मिलिमीटरवर येईपर्यंत चिंता नाही, असा सर्वसाधारण हिशेब. पुतण्याने विजयी मुद्रेने आमच्याकडे पाहिले. फराळाचे ताट पुढे आले आणि विषय मिटला, असे सर्वांना वाटले.

आमचा मात्र मिटला नव्हता. आऱ्यांमधून दिसते ते बाहेरचे पॅड. डिस्कच्या पलीकडे, आतल्या बाजूला दुसरे असते. ते चाक उतरवल्याशिवाय नीट दिसत नाही. आणि दोन दिवसांनी याच गाडीतून सर्वांनी ओंकारेश्वरला जाण्याचा बेत ठरला होता. माळव्याचे पठार सोडून निमाडात उतरायचे म्हणजे घाट आलाच. भेरूघाटाची वळणे आम्हांस पुरती ठाऊक आहेत.

दुसऱ्या दिवशी अभ्यंगस्नान उरकताच आम्ही पुतण्याला कामाला लावले. सपाट फरशीवर गाडी उभी केली. मागचे कॅलिपर काढायचे तर हँडब्रेक सोडावा लागतो, म्हणून गाडी पहिल्या गिअरमध्ये ठेवून पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी विटा लावल्या. चाकाचे बोल्ट गाडी जमिनीवर असतानाच सैल केले. जॅकने मागची बाजू उचलली आणि खाली लोखंडी घोडी ठेवली, कारण नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली हात घालणे हा शहाणपणा नव्हे.

"मागच्या ब्रेकसाठी एवढा खटाटोप कशाला?" पुतण्याने विचारले. "थांबवण्याचे काम तर पुढचेच करतात."

तो चुकीचे बोलत नव्हता. ब्रेक दाबताच गाडीचा भार पुढे झुकतो, मागची चाके हलकी होतात. म्हणून थांबवण्याचे बहुतांश काम पुढच्या चाकांकडे आणि थोडे मागच्यांकडे अशी वाटणी मुद्दाम केलेली असते. पुढची चाके आधी अडकली तर गाडी वळत नाही, पण सरळ तरी जाते. मागची आधी अडकली तर शेपूट फिरते आणि चालकाला काही करायला वेळच उरत नाही. मागच्या ब्रेकने थोडेच काम करायचे, पण दोन्ही बाजूंना सारखे आणि न चुकता करायचे असते. वेगवान गाडीला तर ते अधिकच लागू. साठच्या वेगाऐवजी एकशे वीसच्या वेगाने जाणारी गाडी थांबवायची तर दुप्पट नव्हे, चौपट ऊर्जा ब्रेकला उष्णतेच्या रूपाने गिळावी लागते. पुतण्या अभियंता आहे. हे गणित त्याला आमच्याहून चांगले येते. ते आपल्याच चाकाला लावून पाहणे तेवढे राहून गेले होते.

चाक निघाले. कॅलिपरचे दोन बोल्ट तेरा नंबरच्या पान्याने सोडवायचे आणि तसे करताना आतली पिन फिरू नये म्हणून ती पंधरा नंबरच्या पातळ पान्याने धरून ठेवायची. कॅलिपर सुटला, तो तारेने स्प्रिंगला टांगला. रबरी नळीवर त्याचे ओझे येऊ देऊ नये. मग पुतण्याने आतले पॅड हातात घेतले आणि तो काही बोलला नाही. अस्तर संपले होते. एका टोकाला तर लोखंडी पत्रा डिस्कला घासत होता. डिस्कच्या आतल्या तोंडावर खोल चरे पडले होते. बाहेरचे तोंड मात्र आरशासारखे होते.

कारण शोधायला वेळ लागला नाही. अशा कॅलिपरमध्ये पिस्टन एकाच बाजूला, आत असतो. तो आतले पॅड डिस्कवर दाबतो आणि त्याच्या प्रतिक्रियेने सबंध कॅलिपर दोन पिनांवर सरकून बाहेरचे पॅड ओढून घेतो. इथे त्या पिना वाळलेल्या ग्रीसमध्ये आणि गंजात रुतून बसल्या होत्या. कॅलिपर सरकत नव्हता. सारा दाब आतल्या पॅडने एकट्याने सोसला आणि बाहेरचे नुसते सोबतीला राहिले. मागे कधी तरी कोणी पॅड बदलले तेव्हा पिना साफ केल्या नव्हत्या, एवढाच त्याचा अर्थ.

पुतण्या म्हणाला, "काका, मी पाहिले होते हो." तो खरेच बोलत होता. आम्ही त्याला काही म्हटले नाही, कारण त्या क्षणी आमच्या डोळ्यांसमोर त्याची गाडी नव्हती.

१९९१ साली आम्ही शासकीय सेवेत निमाडातील एका जिल्ह्यात होतो. इंदूरची बैठक आटोपून सरकारी जीपने परतताना घाटात ब्रेकचे पेडल तळाला गेले. चालकाने आरडाओरडा केला नाही. खालचा गिअर टाकत, आपल्या बाजूने डोंगराच्या कड्याला जीप घाशीत नेऊन त्याने ती थांबवली. आम्हांस आणि सोबतच्या लिपिकास खरचटलेसुद्धा नाही. चालकाचा गुडघा कायमचा गेला.

चौकशीचे काम आमच्याकडेच आले. दोन दिवसांनी जीप सपाट मैदानात तपासली गेली आणि एका ओळीचा अहवाल मिळाला: ब्रेक कार्यरत आहेत. ते कार्यरत असणारच होते. ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषून घेते, त्यामुळे त्याचा उत्कलनबिंदू खाली येतो. लांब उतारावर ब्रेक तापले की ते उकळते, नळीत वाफ होते आणि पेडल पोकळ पडते. थंड झाले की पेडल पुन्हा जागेवर येते. म्हणूनच ते दर दोन वर्षांनी बदलावयाचे असते. हे त्या वेळी आम्हांस ठाऊक नव्हते. पण लॉगबुकात चालकाने तीन वेळा लिहिलेले "ब्रेक कम लग रहे हैं" हे आम्हांस ठाऊक होते, कारण त्या तिन्ही नोंदींखाली आमची आद्याक्षरे होती. दुरुस्तीचा प्रस्ताव तीन निविदांच्या अटीपायी आमच्याच टेबलावर पडून होता.

आम्ही चौकशी अहवालाला तपासणीचा कागद जोडला. लॉगबुक जोडले नाही. निष्कर्ष निघाला: चालकाचा निष्काळजीपणा. त्याची एक वार्षिक वेतनवाढ रोखली गेली. तो आदेश आमच्या सहीने निघाला. आमचे वय तेव्हा बत्तीस होते आणि पुढची पदोन्नती जवळ आली होती. याहून वेगळे कारण आम्ही आजवर शोधून पाहिले, पण सापडले नाही. पुढे आम्ही एका ओळखीच्या मिस्त्रीकडे संध्याकाळी जाऊन बसू लागलो आणि हळूहळू ब्रेक शिकलो. लोक त्याला आमचा छंद समजतात.

ऐन दिवाळीत सुटे भाग मिळणे शक्य नव्हते. ओंकारेश्वरचा बेत पुढे ढकलला. घरात थोडी नाराजी झाली. पुतण्याने आणखी काही दिवस घरूनच काम करायचे ठरवले. भाऊबीजेनंतर भाग आले: चार पॅडचा संच, दोन डिस्क, नवे बोल्ट. उजवी डिस्क बरी होती, तरी ब्रेकचे भाग एका आसावर जोडीनेच बदलावयाचे असतात. एक नवी आणि एक जुनी असेल तर दोन बाजू सारख्या धरत नाहीत. डिस्क किती झिजू द्यायची ती किमान जाडी तिच्यावरच कोरलेली असते. डावीची मर्यादा केव्हाच ओलांडली गेली होती.

आता नवे जाड पॅड बसवायला पिस्टन मागे सारायचा. पुढच्या चाकांना तो नुसता दाबला की जातो. पुतण्याने मागेही तसाच शिकंजा लावला आणि जोर करू लागला. आमच्या मदतीला आलेला मिस्त्री घाईने म्हणाला, "भैया, दबाओ मत, घुमाओ!" या गाडीच्या मागच्या पिस्टनमध्येच हँडब्रेकची यंत्रणा आहे, आत आटे आहेत. तो दाब देत उजवीकडे फिरवीत आत न्यावा लागतो. नुसता जोर लावला तर आतली यंत्रणा मोडते. पिस्टन आत जाताना ब्रेक ऑइल टाकीत परत चढते, म्हणून तिकडेही लक्ष ठेवायचे. ते रंगावर सांडले तर रंग जातो. पिना घासून स्वच्छ केल्या, त्यांना ब्रेकसाठीचे खास ग्रीस लावले. साधे ग्रीस रबर फुगवते. शेवटी जुने ब्रेक ऑइल काढून नवे भरले. जुन्याचा रंग काळ्या चहासारखा झाला होता.

सर्व जोडून झाल्यावर आम्ही पुतण्याला किल्ली दिली नाही, आधी पेडल मारायला सांगितले. पहिल्या दोन-तीन दाबांना ते पोकळ जाते, मग पॅड डिस्कला भिडतात आणि पेडल घट्ट होते. हे विसरून गाडी सुरू करणारे फाटकावर जाऊन आदळतात. मग हँडब्रेक काही वेळा ओढून सोडला. पहाटे शहराबाहेरच्या मोकळ्या रस्त्यावर साठच्या वेगावरून वीसपर्यंत, न थांबवता, मध्ये पुरेसा थंडावा देत, आठ-दहा वेळा ब्रेक लावले. नव्या पॅडचे आणि नव्या डिस्कचे असे जमवून घ्यावे लागते. परतताना आम्ही १९९१ ची हकीकत पुतण्याला सांगितली. ती आम्ही घरात कोणालाही सांगितली नव्हती. तो बराच वेळ गप्प राहिला. मग त्याने एकच विचारले, "ते आता कुठे असतात?"

कार्तिक पौर्णिमेची गर्दी सुरू होण्यापूर्वी आम्ही सारे ओंकारेश्वरला निघालो. भेरूघाटात पुतण्याने खालच्या गिअरमध्ये, ब्रेकवर पाय न ठेवता, वळणापुरताच दाब देत गाडी उतरवली. मागून काहीही आवाज नव्हता. बडवाह्यात शिरल्यावर आम्ही त्याला गाडी एका गल्लीत घ्यायला सांगितले. या घरावरून आम्ही आजवर कितीदा गेलो असू. चालक निवृत्तीनंतर इथे राहतो हे आम्हांस पुष्कळ वर्षांपासून माहीत होते.

तो ओट्यावर बसला होता. उठू लागला तसे आम्ही त्याला बसवले. लॉगबुकाविषयी आम्हांस जे सांगायचे होते ते उभ्यानेच सांगितले, कारण बसलो असतो तर कदाचित सांगितले नसते. त्याने ऐकून घेतले. मग म्हणाला, "साहब, मुझे मालूम था। किताब तो मैं ही लिखता था।"

त्याने क्षमा केली असे म्हणाला नाही, आणि आम्हीही ती मागितली नाही. मागण्याचा आमचा अधिकार नव्हता. त्याच्या सुनेने चहा आणला. तो गुडघा धरत उठला, गाडीपाशी गेला, मागच्या चाकाजवळ वाकला आणि आऱ्यांमधून नव्या डिस्ककडे पाहत पुतण्याला विचारले, "अंदर वाला भी बदला न, बेटा?"