पहिल्याच तासाला डीबगर

आज उस्मानपुऱ्यात भाचीच्या लॅपटॉपवर जाव्हा शिकायला नेटबीन्स सुरू करून दिलं. आधी जेडीके, मग नेटबीन्स, एवढा क्रम पाळला की झालं. ‘पीएसव्हीएम’ टाइप करून टॅब दाबली की मेन मेथड आपोआप उभी राहते. सेमीकोलन राहिला की लगेच लाल रेघ.

पण खरी गंमत डीबगरची. तिनं बेरजेच्या लूपमध्ये ओळीच्या आकड्यावर क्लिक करून ब्रेकपॉइंट लावला. मग एफ ८ दाबत एकेक ओळ पुढे. खालच्या चौकटीत आय ०, १, २ असा बदलत होता, बेरीज वाढत होती. “मामा, हे आतमध्ये असं चालतं होय!” लूप पाठ करून हे कधीच कळलं नसतं. व्हेरिएबलला तिनं ‘बेरीज’ हेच नाव दिलं, देवनागरीत. जाव्हाला ते चालतं, हे मला फार मोलाचं वाटतं.

हे नेटबीन्सही १९९६ साली प्रागमधल्या विद्यार्थ्यांच्याच प्रकल्पातून सुरू झालेलं. २००० पासून ते मुक्त आहे, छदामही लागत नाही.

आपल्या शहरात जाव्हा शिकवणाऱ्या सगळ्यांना कळकळीची विनंती: डीबगर शेवटच्या प्रॅक्टिकलपर्यंत ठेवू नका, पहिल्याच तासाला दाखवा.