पाळी चुकण्याआधीची गोळी

सोनोग्राफीच्या खोलीत मला दोन फळं दिसायला नको असतात, लिंबू आणि केळं. अठराव्या-विसाव्या आठवड्यात बाळाच्या डोक्याचा आडवा छेद पडद्यावर आणला की कवटी अंड्यासारखी लांबट गोल दिसायला हवी. ती पुढून दोन्ही बाजूंनी दबलेली दिसली की झालं लिंबू. मागचा छोटा मेंदू वाकून कवटीला चिकटलेला दिसला की केळं. लंडनच्या किंग्ज कॉलेजमधल्या मंडळींनी १९८६ साली या खुणांना ही नावं दिली. त्या दिसल्या की पाठीपर्यंत प्रोब न्यायच्या आधीच मला कळलेलं असतं, खाली कुठेतरी मणका उघडा आहे.

त्या वेळी मी बोलायची थांबते. टेबलावरच्या बाईला ते लगेच जाणवतं. "मॅडम, बाळ बरंय ना?" हा प्रश्न येतोच, आणि सिस्टर उगाच जेलची बाटली इकडची तिकडे ठेवते.

अशाच एका दुपारी मी त्या बाईची फाइल उघडली. पहिल्याच पानावर माझ्याच अक्षरात लिहिलेलं होतं, फॉलिक ॲसिड चालू. गर्भ नऊ आठवड्यांचा. बाळाच्या पाठीची नळी, जिला आम्ही न्यूरल ट्यूब म्हणतो, ती गर्भधारणेपासून अठ्ठावीस दिवसांत मिटते किंवा उघडी राहते. म्हणजे पाळी चुकून जेमतेम दोन आठवडे होतात तोवर निकाल लागलेला असतो. नवव्या आठवड्यात मी लिहिलेली गोळी म्हणजे वरातीमागून घोडं. आणि अशी घोडी मी कित्येक वर्षं बिनदिक्कत धाडली आहेत. त्या गोळीचा रक्तवाढीला उपयोग होतो, मणक्याला नाही.

ही गोळी वेळेवर घेतली तर काम करते, हे कळायला मात्र जगाला साठेक वर्षं आणि चार-पाच देशांच्या सरकारांचा पैसा लागला. ती हकिकत सुरू होते परळला.

१९२८ मध्ये ल्यूसी विल्स ही ब्रिटिश डॉक्टरीण हाफकिन संस्थेत आली. मुंबईतल्या गरोदर बायका, विशेषतः गिरणीत राबणाऱ्या, विचित्र रक्तक्षयाने मरत होत्या. तांबड्या पेशी कमी, पण असलेल्या फुगून मोठ्या झालेल्या. इंडियन रिसर्च फंड असोसिएशन, म्हणजे आजच्या आयसीएमआरची पूर्वज संस्था, तेव्हा मातामृत्यूंची चौकशी करत होती, त्यातलं हे काम. विल्सबाईंनी या बायका काय खातात ते पाहिलं, तसलंच निकस अन्न उंदरांना आणि मग माकडांना दिलं. माकडं आजारी पडली, आणि मार्माइट खाऊन सुधारली. मार्माइट म्हणजे ब्रिटिश लोक पावाला फासतात तो यीस्टचा काळा चिकट अर्क. मग तोच अर्क बायकांना दिला आणि त्याही उठून बसल्या. १९३१ साली हे ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये छापून आलं. अर्कातल्या त्या अनामिक द्रव्याला लोक 'विल्स फॅक्टर' म्हणू लागले. पुढे १९४१ मध्ये पालकाच्या पानांतून ते वेगळं काढलं गेलं, पानाला लॅटिनमध्ये फोलियम म्हणतात म्हणून नाव पडलं फॉलिक ॲसिड. १९४५ मध्ये ते अमेरिकेत लेडर्लीच्या प्रयोगशाळेत कृत्रिमरीत्या बनवलं, त्या चमूत आपले यल्लाप्रगडा सुब्बाराव होते.

पैसा दिला होता रक्तक्षयासाठी. मणक्याचा विचारही कुणाच्या डोक्यात नव्हता. संशोधनाला निधी देताना 'याचा नेमका उपयोग काय' असा रकाना भरून घेणाऱ्यांनी परळची ही हकिकत एकदा वाचावी असं मला नेहमी वाटतं.

फॉलिक ॲसिड आणि उघडा मणका यांचा संबंध असावा, अशी शंका १९६५ मध्ये लिव्हरपूलच्या हिबर्ड आणि स्मिथेल्स यांनी मांडली. १९८० मध्ये स्मिथेल्स यांनी, आधी असं मूल झालेल्या बायकांना गर्भधारणेआधीपासून जीवनसत्त्वं दिली आणि फरक दिसला. पण चिठ्ठ्या टाकून गट पाडायला नैतिक समित्यांनी परवानगी दिली नव्हती. त्यामुळे गोळ्या घेणाऱ्या बायका मुळातच जास्त काळजी घेणाऱ्या असतील, असं म्हणायला जागा उरली. उत्तर हाताशी असूनही हातात नव्हतं.

इथे थोडं गणित. असं बाळ साधारण हजारात एक-दोन. गोळीने हे प्रमाण निम्म्यावर येतं का, ते पाहायला सरसकट गरोदर बायका घेतल्या तर अनेक दहा हजारांनी लागतील. पण ज्या बाईचं आधीचं मूल असं होतं तिला पुन्हा तसं होण्याचा धोका शंभरात दोन-तीन. म्हणजे अशाच बायका घेतल्या तर दोनेक हजारांत भागतं. अडचण एकच, अशा दोन हजार बायका एका देशात सापडायला आयुष्य जाईल. म्हणून ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलने निकोलस वाल्ड यांच्या देखरेखीखाली ७ देशांतली ३३ केंद्रं जोडली. १९८३ साल, शीतयुद्ध जोरात, आणि यादीत ब्रिटन, फ्रान्स, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, इस्रायल यांच्या शेजारी हंगेरी आणि सोव्हिएत युनियन. आठ वर्षांत १,८१७ बायका मिळाल्या. १,१९५ गर्भारपणांचा निकाल हाती होता, त्यांत २७ बाळांना दोष. फॉलिक ॲसिड मिळालेल्यांत ६, न मिळालेल्यांत २१. एप्रिल १९९१ मध्ये चाचणी तिथेच थांबवली, कारण आता कुणालाही गोळीविना ठेवणं पाप झालं असतं.

पेटंट नसलेल्या, कवडीमोल गोळीसाठी आठ वर्षं कोण औषध कंपनी थांबणार? सरकारी तिजोरीच थांबू शकते.

याच काळात आयसीएमआरचीही आपल्याकडे अनेक केंद्रांवर चाचणी चालू होती, ४६६ बायकांची. ब्रिटिश निकाल आला आणि ती मध्येच बंद करावी लागली. गोळी घेणाऱ्यांत पुन्हा दोष येण्याचं प्रमाण निम्म्याहून कमी दिसत होतं, पण संख्याशास्त्राच्या कसोटीला उतरण्याइतके आकडे जमले नव्हते.

ब्रिटिश चाचणीतली मात्रा होती ४ मिलिग्रॅम. रोजच्या ४०० मायक्रोग्रॅमने, म्हणजे दहाव्या हिश्शाने, आणि आधी काहीच न घडलेल्या बायकांत काम होतं का? हा प्रश्न सुटला चीनमध्ये. अमेरिकी सरकारच्या सीडीसीने बीजिंगच्या वैद्यकीय विद्यापीठाशी हातमिळवणी केली, कारण उत्तर चीनमध्ये हा दोष हजारात पाच-सहांपर्यंत जात होता. आणि तिथे अशी एक सोय होती जिचा मला आजही हेवा वाटतो. लग्नाआधी वैद्यकीय तपासणी. नवरी तपासणीला आली की तिथेच गोळ्या द्यायच्या, पाळी चुकायची वाट बघायची नाही. गोळ्यांच्या आधी त्यांनी नोंदवही उभारली. जिवंत, मृत, पाडलेला, वीस आठवड्यांपुढचा प्रत्येक गर्भ त्यात आला पाहिजे. १९९३ ते १९९५ या काळातली २,४७,८३१ गर्भारपणं मोजली गेली. उत्तरेत ज्यांनी गोळ्या वेळेवर घेतल्या त्यांच्यात दोषाचं प्रमाण हजारी ४.८ वरून १ वर आलं. दक्षिणेत मुळात कमी होतं, तिथेही १ वरून ०.६.

अमेरिकेने १९९८ पासून पिठात फॉलिक ॲसिड मिसळणं सक्तीचं केलं, आणि सीडीसीच्या अंदाजाने दरवर्षी सुमारे १,३०० बाळं यातून वाचतात. मूळ उत्तर ज्यांच्या पैशाने मिळालं त्या ब्रिटनने मात्र तसा कायदा करायला २०२४ उजाडवलं.

आपल्याकडे पिठाचा मार्ग चालणारच नाही. गहू-ज्वारी डब्यात घालून कोपऱ्यावरच्या गिरणीत दळून आणणारी आपण माणसं, त्या गिरणीवाल्याच्या हातात जीवनसत्त्वाचं माप कोण देणार? रेशनच्या तांदळात लोह, फॉलिक ॲसिड आणि बी-१२ घातलेले दाणे मिसळायला सुरुवात झाली, तर माझ्याच पेशंट ते 'प्लास्टिकचे' म्हणून निवडून टाकतात. शिवाय ठरलेलं माप किलोला ७५ ते १२५ मायक्रोग्रॅम, दिवसाला पाव किलो भात खाल्ला तरी पंचवीस-तीसच्या वर जात नाही. बी-१२ची कमतरता ही आपल्या शाकाहारी ताटाची वेगळीच कथा. पुण्यात डॉ. याज्ञिकांच्या गटाने ती वर्षानुवर्षं उलगडली आहे. सांगलीत तर तरुण मुलींना फॉलिक ॲसिड आणि बी-१२ घातलेला चहा पाजून पाहिला, दोन महिन्यांत रक्तातली पातळी वाढली. चाळीसेक मुलींचा छोटा प्रयोग, पण चहा कुणी निवडून टाकत नाही हे त्यात बरोबर ओळखलं आहे.

यातला कुठला मार्ग चालतो हे कळायचं तर यापुढचं काम मोजणीचं आहे, आणि मोजणीला पैसे मागायला गेलं की काय होतं ते मी पाहिलंय. आम्ही चौघांनी एका निधीसाठी प्रस्ताव दिला होता. एका जिल्ह्यातल्या प्रत्येक प्रसूतीची आणि पाडलेल्या गर्भाची व्यंगासाठी नोंद, पाच वर्षं. समितीतल्या एका सदस्यांनी चष्मा कपाळावर चढवत विचारलं, "यात नवीन काय?" जनुकांचं यंत्र मागितलं असतं तर कदाचित मिळालं असतं, पण आम्हाला हवे होते दोन कारकून आणि एक मोटरसायकल.

मागच्या वैशाखात भाचीचं केळवण केलं. चीनमधली ती तपासणी डोक्यात होतीच. आहेराच्या पाकिटात नोटांबरोबर फॉलिक ॲसिडच्या गोळ्यांच्या तीन पट्ट्या घातल्या, वर 'रोज एक, आजपासून' असं लिहिलं. वहिनीने पाकीट चाचपलं, उघडून पाहिलं आणि मला हाताला धरून स्वयंपाकघरात नेलं.

"वन्सं, अहो लग्नाआधीच कसल्या गोळ्या देताय पोरीला? सासरच्यांनी पाहिल्या तर काय म्हणतील?"

मी कढईतली जिलबी परतता परतता तिला अठ्ठावीस दिवसांचं सगळं समजावलं. तिने ऐकून घेतलं, पट्ट्या पदराआड धरल्या, आणि पोरीच्या बॅगेत हळदीकुंकवाच्या डबीखाली नेऊन ठेवल्या.