शिक्षणाचे कर्ज आणि घरातली वही

आपल्या समाजात कर्ज हा शब्द निघाला की जुन्या माणसांच्या पोटात आजही गोळा येतो. त्यात नवल नाही. सावकाराच्या कागदावर अंगठा उठवून ज्यांचे आजे-पणजे आयुष्यभर राबत राहिले, त्यांच्या नातवंडांना बँकेचा कागदही सावकाराच्याच कागदासारखा वाटतो. लग्नासाठी कर्ज काढले तर चार लोक मांडवात जेवून जातात आणि कोणी काही बोलत नाही. पण पोरीच्या शिक्षणासाठी कर्ज काढले की शेजारीपाजारी विचारतात, "फेडणार कशातनं?"

हा प्रश्न आम्हालाही विचारला गेला. आम्ही नवरा-बायको घोटीचे. आमच्यातला एक जण भाताच्या गिरणीत कामाला. दुसरी घरी शिवणयंत्रावर बसते आणि पावसाळ्यात आवणीच्या मजुरीला जाते. अशा घरावर २०१६ पासून शिक्षणाचे कर्ज आहे. ते अजून पुरते फिटलेले नाही. तरीही आम्ही लिहायला बसलो आहोत, कारण फिटल्यावर सांगणारे पुष्कळ भेटतात; फेडता फेडता सांगणारे कमी.

आधी बाबासाहेबांविषयी. बाबासाहेब परदेशात शिकले हे आपले लेकरूही सांगेल. पण कोणत्या पैशांवर शिकले, याची चर्चा घरात फारशी होत नाही. १९१३ साली बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी त्यांना दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती तीन वर्षांसाठी दिली. ती फुकटची नव्हती. शिक्षण झाल्यावर दहा वर्षे संस्थानची नोकरी करण्याच्या करारावर त्यांनी सही केली होती. १९१७ मध्ये शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि लंडनचा अभ्यास अर्धवट टाकून त्यांना परतावे लागले. करार पाळायला ते बडोद्याला गेलेही. तिथे राहायला जागा मिळेना, कचेरीतला शिपाईसुद्धा कागद हातात न देता लांबून टाकी. ती नोकरी कशी सुटली ते आपण सारे जाणतो. पुढे संस्थानाने शिक्षणावर झालेल्या खर्चाची मागणीही त्यांच्याकडे केली.

पण अर्धा राहिलेला अभ्यास त्यांनी सोडला नाही. १९१८ मध्ये मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात ते प्राध्यापक झाले, पगारातून पैसा मागे टाकला. १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला निघाले तेव्हा जवळ तीन प्रकारचा पैसा होता: स्वतःची शिल्लक, शाहू महाराजांची मदत आणि नवल भथेना या पारशी मित्राकडून घेतलेले पाच हजार रुपये कर्ज. त्या काळी पाच हजार ही मोठी रक्कम. इकडे मुंबईत माता रमाईंनी काटकसरीने संसार ओढला. बाबासाहेब १९२३ मध्ये डी.एस्सी. झाले. म्हणजे आपल्या समाजातल्या सर्वांत मोठ्या विद्वानाने कर्ज काढून शिक्षण पुरे केले. शिक्षणासाठी घेतलेले कर्ज लाजेचे असते तर ते त्यांच्याही वाट्याला लाजच घेऊन आले असते.

आणि पुढची गोष्ट अधिक महत्त्वाची. १९४२ मध्ये व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात गेल्यावर आपल्या मुलांना सरकारी शिष्यवृत्ती मिळावी यासाठी त्यांनी सरकारकडे मागणी लावून धरली. मॅट्रिकनंतरची भारत सरकार शिष्यवृत्ती १९४४ मध्ये सुरू झाली. जो स्वतः कर्जावर शिकला, त्याने पुढच्या पोराला कर्ज काढावे लागू नये अशी सोय मागितली. म्हणून आमचे पहिले सांगणे हेच की शिष्यवृत्ती हा आपला हक्क आहे, तो आधी घ्यावा. कर्ज त्यानंतर.

मग आमच्या थोरलीला कर्ज का लागले? तिला इंजिनिअरिंगला जायचे होते. सरकारच्या केंद्रीय प्रवेश फेरीतून जागा मिळाली असती तर फी शासनाने भरली असती. फेऱ्या संपल्या, जागा मिळाली नाही. मिळाली ती नाशिकच्या एका खासगी कॉलेजात, संस्थेच्या पातळीवरच्या प्रवेशातून. अशा प्रवेशाला शिष्यवृत्ती किंवा फीमाफी लागू होत नाही. ही गोष्ट कॉलेजचा माणूस आपणहून सांगत नाही. आम्ही समाजकल्याण कार्यालयात विचारली म्हणून आधी कळली. पोरीने एक वर्ष वाया घालवायचे की कर्ज काढायचे, असा प्रश्न होता. दोन रात्री बोलणे झाले. तिसऱ्या दिवशी आम्ही बँकेत गेलो.

बँकेतल्या साहेबांनी विचारले, "तारण काय देता?" आमच्याकडे पत्र्याची दोन खोल्यांची घरवट आणि एक शिवणयंत्र. चार लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जाला तारण मागायचे नाही, आईबाप सहकर्जदार झाले की पुरे, असा नियम असल्याचे मुलगीच वाचून आली होती. तिने शांतपणे सांगितले, "साहेब, नाही म्हणायचे असेल तर कारण लेखी द्या." चार खेपा झाल्या. पण कर्ज मंजूर झाले. चार लाख रुपये, दरवर्षी एक लाख याप्रमाणे.

आता हिशेब सांगतो, कारण खरे दुखणे हिशेबातच असते. शिक्षण चालू असताना आणि त्यानंतर एक वर्ष हप्ता नसतो. पुष्कळ घरांना वाटते की या काळात व्याजही नसते. तसे नाही. बँक सरळ व्याज धरत राहते. दर दहा टक्के धरला तर पहिल्या लाखावर पाच वर्षांचे पन्नास हजार, दुसऱ्यावर चाळीस, तिसऱ्यावर तीस, चौथ्यावर वीस. एकूण १ लाख ४० हजार. म्हणजे पहिला हप्ता भरण्याआधीच चार लाखांचे ५ लाख ४० हजार होतात. दहा वर्षांची मुदत घेतली तर हप्ता ७,१०० रुपयांच्या वर जातो.

आमचे हे १ लाख ४० हजार वाचले. घरचे वर्षाचे उत्पन्न साडेचार लाखांच्या आत असेल तर तंत्रशिक्षणासारख्या अभ्यासक्रमांसाठी या काळातले व्याज केंद्र सरकार भरते, अशी योजना २००९ पासून आहे. त्यासाठी तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला लागतो. तो काढायला इगतपुरीला खेटे घालावे लागले, एक दिवसाची मजुरी तीनदा बुडाली. पण तीन दिवसांच्या मजुरीवर लाखाच्या वर रक्कम वाचली, हे कोणत्या धंद्यात होते? अट मात्र लक्षात ठेवावी: कॉलेज आणि अभ्यासक्रम योजनेत बसतो का, हे प्रवेशाआधी बँकेला विचारायचे. नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेल्या पीएम विद्यालक्ष्मी योजनेत आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांनाही दहा लाखांपर्यंतच्या कर्जावर शिक्षणाच्या काळात व्याजात तीन टक्के सवलत आहे. ती निवडक संस्थांपुरती आहे आणि दुसरी सरकारी शिष्यवृत्ती घेणाऱ्याला मिळत नाही. शिवाय अनुसूचित जाती आणि नवबौद्धांसाठी १९७८ मध्ये स्थापन झालेले महात्मा फुले मागासवर्ग विकास महामंडळ आहे. तिथेही शैक्षणिक कर्जाची चौकशी बँकेच्या आधी करावी.

मुलीचे शिक्षण २०२० च्या उन्हाळ्यात संपले. टाळेबंदीचे दिवस होते. कारखाने बंद, मुलाखती बंद. पुढच्या वर्षी सातपूरच्या एका कारखान्यात बारा हजारांवर काम मिळाले. जुलै २०२१ मध्ये पहिला हप्ता लागला, ५,३०० रुपयांच्या आसपास. घोटीहून नाशिकला रोजचे जाणे-येणे, डबा, कपडे धरून तिच्या हातात काय उरणार? तेव्हा आम्ही घरात ठरवले की कर्ज तिच्या नावावर असले तरी हप्ता घराचा.

इथे गिरणीचे गणित आड आले. दिवाळीनंतर भात येते तेव्हा घोटीच्या गिरण्या रात्रंदिवस चालतात, मजुरी बरी मिळते. पावसाळ्यात काम मंदावते. हप्ता मात्र बाराही महिने सारखाच. म्हणून आम्ही पोस्टात वेगळे खाते काढले. सुगीच्या दिवसांत तीन हप्ते आधीच त्यात टाकायचे, ते जुलै ते सप्टेंबरला वापरायचे. त्या पैशाला सणालासुदीला कोणी हात लावायचा नाही. आणि एक शंभर पानी वही घातली. तारीख, हप्ता, त्यातले व्याज किती, मुद्दल किती, बाकी किती. दर महिन्याला मुलगी लिहिते, धाकटा मोठ्याने वाचतो, आम्ही ऐकतो.

वहीने आम्हाला एक कडू गोष्ट शिकवली. पहिल्या ५,३०० रुपयांच्या हप्त्यात सुमारे ३,३०० रुपये नुसते व्याज होते. मुद्दल फिटले दोन हजारांच्या आत. जून २०२५ अखेर ४८ हप्ते झाले. अडीच लाखांच्या वर पैसे गेले आणि मुद्दल उतरले १ लाख १५ हजारांच्या आसपास. हे पाहून धाकटा म्हणाला, "बाबा, बँकेने फसवले." फसवले नाही, कर्जाची चालच तशी आहे. सुरुवातीला व्याज जास्त, शेवटी मुद्दल जास्त. म्हणूनच बोनस, भिशी, काही वरचे मिळाले तर ते सुरुवातीच्या वर्षांत भरावे. मुदतीआधी भरल्याबद्दल शैक्षणिक कर्जावर दंड नसतो. भरताना मात्र लेखी सांगावे की ही रक्कम मुद्दलात जमा करा, आणि पुढच्या महिन्यात खातेउतारा बघावा.

२०२२ च्या अखेरीस एकदा कारखान्याचा पगार लांबला. हप्त्याच्या आधीच बँकेत जाऊन आम्ही अर्ज दिला. तरी रात्री नऊला वसुलीचे फोन सुरू झाले. बोलणाऱ्याची भाषा ऐकून घरातली बाई रडली. रिझर्व्ह बँकेचा नियम आहे की सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर वसुलीचा फोन करता येत नाही, धमकी देता येत नाही. मुलीने वेळेसह लेखी तक्रार शाखेत दिली, पोच घेतली. फोन थांबले. शाखेने तीस दिवसांत दाद दिली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे फुकट तक्रार करता येते, हेही ध्यानात असू द्यावे. पण हप्ता चुकतोय असे दिसले तर लपून बसू नये. तीन महिने थकले की खाते बुडीतात जाते आणि पुढे मुलाला कुठलेही कर्ज मिळणे कठीण होते.

सर्वांत अवघड प्रसंग बँकेत नाही, घरात आला. मुलीला स्थळ आले. माणसे शिकलेली, आपल्याच समाजातली. सारे जुळले आणि मग मुलाचे काका म्हणाले, "कर्ज लग्नाआधी फेडून टाका, मग पुढचे बोलू." एवढी रक्कम कुठून आणणार? नातलगांनी सुचवले की कर्जाचा विषयच पुढच्या वेळी काढू नका, लग्न झाल्यावर बघता येईल. आमचे मनही क्षणभर डळमळले. मुलगीच म्हणाली, "आई, लपवून सुरू केलेला संसार मला नको." पुढचे पाहुणे आले तेव्हा चहाच्या कपबशांशेजारी तिने ती वही ठेवली. म्हणाली, "एवढे राहिले आहे. माझ्या पगारातून मीच फेडणार. माझा पगार त्यासाठी माझ्या हातात राहिला पाहिजे." मुलाने वही पहिल्या पानापासून चाळली. त्याच्या आईने विचारले, "हे अक्षर तुझे का?" लग्न विहारात झाले, साध्या पद्धतीने. मानपान, बँडबाजा काही नाही. जे वाचले त्यातले वीस हजार मुद्दलात भरले. हप्ता आजही तिच्याच पगारातून जातो, पावसाळ्यात आम्ही हातभार लावतो.

बंधू-भगिनींनो, दहावी-बारावीचा निकाल लागला की आपल्या वस्तीत पेढे वाटले जातात. त्याच आठवड्यात एक वहीही आणावी. पहिल्या पानावर लिहावे: कोणती शिष्यवृत्ती मिळते, कोणत्या कागदाला किती मुदत आहे, प्रवेश केंद्रीय फेरीतून आहे की नाही. दुसऱ्या पानावर महामंडळ आणि वसतिगृहाची, किंवा वसतिगृह न मिळाल्यास स्वाधार योजनेची चौकशी. एवढे करूनही कमी पडले तरच तिसऱ्या पानावर बँकेचे कर्ज, तेही लागेल तेवढेच. मोबाईलवर झटपट मिळणारे कर्ज आणि गावातली टक्केवारी यांना त्या वहीत जागा देऊ नये.

आमचा धाकटा या वर्षी आयटीआयला गेला, सरकारी. फी अगदी थोडी. त्याची वही त्याने स्वतःच आणली आहे. रविवारी वंदना झाली की दोघे-तिघे पालक विहाराच्या पायरीवर आपापले कागद घेऊन बसतात, आमची थोरली माहेरी आलेली असली की तीही बसते. ज्यांना वाचता येत नाही त्यांना ती खातेउतारा वाचून दाखवते. तुमच्याही वस्तीत असे कोणी शिकलेले पोर असेल. त्याला हे काम सांगा.

जयभीम!